लेझरची लाल टिकली आणि आपली राखण

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात शेती संरक्षणाची बंदूक आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. ज्यांच्या घरात नाही त्यांनीही वाचावी, कारण संध्याकाळी काजूच्या बागेतून पायवाटेने घरी येणारा माणूस तुमचाही असू शकतो.

हल्ली प्रत्येकाच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतोय. अंधार, शेतात रानडुक्कर, त्याच्या खांद्यावर लाल टिकली, मग बार. खाली बंदुकीला लावायच्या लेझरची जाहिरात. 'नेम चुकणारच नाही' असा दावा. आमच्याकडच्या बाजारात चहाच्या टपरीवर सरळ बोललं जातं, "लेझर लावलंय, आता डुकर काय वाचूचो नाय."

डुकराचं काय व्हायचं ते होवो. मला काळजी डुकराच्या मागे असलेल्या माणसाची आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लेझर तुम्हाला फक्त एकच गोष्ट सांगतो: नळी कुठे बघतेय. समोर काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे तो सांगत नाही. आणि आपल्याकडचे अपघात नळी वाकडी होती म्हणून झालेले नसतात. समोर कोण आहे हे ओळखलं नाही म्हणून झालेले असतात. जो आजार आहे त्याला हे औषधच नाही.

जानेवारी २०२५ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यात मनोरजवळ काय झालं ते आठवा. गावकऱ्यांची टोळी रानडुकराच्या शिकारीला जंगलात गेली. हालचाल दिसली, डुक्कर समजून गोळी झाडली, आणि ती आपल्याच सोबत्याला लागली. माणूस गेला. त्याचा मृतदेह जंगलात लपवला गेला, आणि पोलिसांना तो काही दिवसांनी सापडला. त्या बंदुकीचा नेम चुकला होता का? नाही. जिथे झाडायची होती तिथेच गोळी गेली. चुकली ती ओळख. उद्या त्या बंदुकीवर बाजारातला सगळ्यात महाग लेझर लावला असता, तर लाल टिकली कुठे पडली असती? त्याच माणसाच्या अंगावर.

आता थोडं तांत्रिक बोलू, कारण जाहिरात तांत्रिक शब्दांनीच गंडवते.

लेझर नळीच्या आत नसतो, खाली किंवा बाजूला बसवलेला असतो. म्हणजे लेझरची रेघ आणि नळीची रेघ या दोन वेगळ्या रेघा आहेत. त्या कुठल्यातरी एका अंतरावर जुळवाव्या लागतात. त्या अंतराच्या अलीकडे आणि पलीकडे टिकली एकीकडे, गोळी दुसरीकडे. त्यात लेझरचा किरण सरळ जातो, गोळी सरळ जात नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून ती पडायला लागते. सेकंदाच्या पहिल्या दहाव्या भागात कुठलीही वस्तू सुमारे ५ सेंटीमीटर खाली येते, मग ती गोळी असो की हातातून सुटलेला नारळ. हे दहावीच्या विज्ञानात आहे. जाहिरातीत नाही.

ही जुळवणी करायला बार काढून बघावे लागतात. चार-पाच काढायचे, स्क्रू फिरवायचा, परत काढायचे. आपल्या परवान्यावर किती काडतुसं बाळगायची याचा आकडा लिहिलेला असतो आणि काडतुसांचा भाव सगळ्यांना माहीत आहे. बार काढून बघायला जागा कुठे? मग माणूस काय करतो? लेझर चिकटवतो, अंगणातल्या माडावर टिकली पाडून बघतो आणि म्हणतो, "बसला." बसला काही नाही. बारा बोअरच्या एका धक्क्यात तो स्वस्तातला क्लॅम्प केसभर सरकतो, आणि इथला केसभर तिकडे पन्नास पावलांवर हातभर होतो.

दुसरी गंमत. आपल्याकडच्या बहुतेक बंदुका एकनळी, दुनळी किंवा जुन्या ठासणीच्या. आतून गुळगुळीत नळी, छर्ऱ्यांचा मारा. मोठ्या छर्ऱ्यांचा ढोबळ हिशोब असा की साध्या नळीतून दर यार्डाला सुमारे एक इंच फैलाव होतो. तीस यार्डांवर अडीच फुटांचा घोळका. ठासणीच्या बंदुकीचं तर विचारूच नका, तिथे दारू किती भरली आणि कशी ठासली यावर प्रत्येक बार वेगळा. आता सांगा, अडीच फुटांचा घोळका टाकणाऱ्या बंदुकीला मुगाच्या दाण्याएवढी टिकली लावून काय मिळतं? फक्त भ्रम. टिकली जनावरावर आहे म्हणजे सगळे छर्रे जनावरावर जाणार, असं वाटतं. बाजूला उभा असलेला माणूस त्या अडीच फुटांत येतो, टिकलीत येत नाही.

तिसरी गोष्ट, पडद्यावर दिसतं तसं शेतात दिसत नाही. दिवसा उन्हात लाल टिकली थोड्या पावलांवरच विरते. हिरवा लेझर जास्त दिसतो, कारण आपला डोळा हिरव्या रंगाला जास्त संवेदनशील आहे, पण भर उन्हात त्याचीही तीच गत. रात्री दव आणि धुकं असेल तर किरण पसरतो. समोर गवत, झुडूप, केळीचं पान आलं की टिकली पहिल्या पानावर थांबते आणि छर्रे पुढे जातात. भाताच्या खाचरात पाणी असेल तर किरण परावर्तित होतो. आणि हो, हा किरण डोळ्यात गेला तर डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते. गणपतीच्या मिरवणुकांमधल्या लेझर बीमवर जिल्ह्याजिल्ह्यांत बंदीचे आदेश का निघतात? उगाच नाही. बंदुकीवरचा लेझर त्या दिव्यांपेक्षा लहान असतो, मान्य. पण ऑनलाइन मिळणाऱ्या बिनानावाच्या लेझरवर लिहिलेली ताकद आणि आतली ताकद एकच असेल याची हमी कोण देणार?

चौथी गोष्ट नेमबाजी शिकवणारा कोणीही सांगेल. टिकली कधीच स्थिर राहत नाही. हात हलतो, श्वास हलतो, छातीतला ठोकासुद्धा टिकली हलवतो. मग माणूस टिकलीचा पाठलाग करतो आणि ती जागेवर आली रे आली की चाप झटक्यात ओढतो. झटका दिला की नळी वळते. म्हणजे लेझरमुळे नेम सुधारायचा सोडून बिघडतो.

मग सगळंच वाईट आहे का? तसं मी म्हणत नाही. दोन गोष्टींत तथ्य आहे आणि ते सांगितलंच पाहिजे.

एक, रेड डॉट. लेझर आणि रेड डॉट एकच असं समजणारे खूप आहेत. रेड डॉटमध्ये बाहेर काही किरण जात नाही. छोट्या काचेत आतल्या दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि ते फक्त तुम्हाला दिसतं. याचा खरा उपयोग चाळिशी-पन्नाशी उलटलेल्यांना आहे. साध्या बंदुकीवर नेम धरताना डोळ्याला मागची खाच, पुढची माशी आणि जनावर अशा वेगवेगळ्या अंतरावरच्या गोष्टी एका रेषेत बघाव्या लागतात. चाळिशी लागली की माशी धुरकट दिसते. रेड डॉटमध्ये ठिपका लांबवर असल्यासारखा दिसतो, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून जनावराकडेच बघता येतं. पण त्यालाही जुळवणी लागते, त्यालाही बॅटरी लागते, आणि तोही समोर कोण आहे ते सांगत नाही. त्यामुळे आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन चष्म्याचा नंबर काढा. तो खर्च कमी आहे आणि चष्मा वाट चालतानाही उपयोगी पडतो.

दोन, दुर्बीण. चांगली दुर्बीण मिणमिणत्या उजेडात साध्या डोळ्यापेक्षा जास्त दाखवते. पुढची काच ३२ मिलिमीटरची आणि मोठेपणा ४ पट असेल तर डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत ८ मिलिमीटरचा. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते, वयानुसार कमी. म्हणजे एवढी दुर्बीण पुरे, त्यापुढे पैसे घालून जास्त उजेड मिळत नाही. पण खरा प्रश्न वेगळा आहे. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून 'काय आहे ते बघतो' म्हणणारा माणूस काय करत असतो? ज्याची ओळख पटलेली नाही अशा गोष्टीवर भरलेली बंदूक रोखत असतो. ती गोष्ट म्हणजे लाकडं गोळा करणारी शेजारची काकू असेल तर? जगात कुठेही बंदूक शिकवताना पहिल्या दिवशी सांगतात की जे मारायचं नाही त्यावर नळी रोखायची नाही. म्हणून दुर्बीण हवीच असेल तर ती बंदुकीवर नको, गळ्यात हवी. आणि हातात चांगली बॅटरी. आधी ओळखा, मागे काय आहे ते बघा, मग बंदूक खांद्याला लावा. उष्णता दाखवणाऱ्या थर्मल यंत्रांचंही तेच. झुडपाआड गरम ठिपका दिसतो. ओणवा बसलेला माणूसही गरम ठिपकाच असतो.

"पण लष्करात वापरतात ना!" हा प्रश्न येणारच. वापरतात. पण त्या जवानाने किती महिने सराव केलेला असतो, किती गोळ्या झाडलेल्या असतात, त्याला हुकूम देणारा अधिकारी कोण असतो, हेही बघा. वस्तू तीच घेतली म्हणून हात तोच होत नाही.

नेम म्हणजे काय हे बघायचं तर लांब जायला नको. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ऑलिम्पिक कांस्य. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं वैयक्तिक पदक. त्या खेळात पन्नास मीटरवरच्या १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. आपल्या करंगळीच्या नखाएवढा. आणि रायफलवर लेझर नाही, मोठं करून दाखवणारी दुर्बीण नाही. नियमच तसा आहे. बारीक भोकातून बघायचं, श्वास धरायचा, चाप हळू दाबायचा. २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंतही अशाच साध्या निशाणावर. हे सगळं घाट चढून गेलं की पलीकडे घडलंय. आणि घाटाच्या अलीकडे आपण टिकली विकत घेतोय.

आता असली मुद्द्यावर येतो. लेझर घेणाऱ्या शेतकऱ्याला मूर्ख म्हणायला मी ही पोस्ट लिहीत नाहीये. तो मूर्ख नाही, तो वैतागलेला आहे. लावणी केली, खत घातलं, भात पोटरीला आलं, आणि एका रात्रीत डुकरांच्या कळपाने खाचर लोळवलं. काजू पिकायला लागला की माकडं. केळी आणि माड उरले तर गवे. पंचनामा, अर्ज, सातबारा, फोटो, परत अर्ज. ज्याच्या वाट्याला हे आलं त्याला कोणी 'दोन हजारात प्रश्न मिटवतो' म्हटलं तर तो दोन हजार टाकणारच. प्रश्न त्याला त्या जाहिरातीच्या तोंडी कोणी दिलं हा आहे.

कायदा काय सांगतो ते बघा. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११ सांगतं की उभ्या पिकाला धोका ठरलेल्या, अनुसूची २ मधल्या प्राण्याबाबत वनखातं लेखी परवानगी देऊ शकतं. रानडुक्कर त्यात येतं. म्हणजे रस्ता आहे, पण परवानगीशिवाय बार काढला तर गुन्हा, बंदूक परवान्याची असली तरी. किती शेतकऱ्यांना हा अर्ज कुठे आणि कसा करायचा हे कोणी समजावून सांगितलं? ग्रामसभेत वनखात्याचा माणूस शेवटचा कधी येऊन बसला?

शस्त्र नियम २०१६ मध्ये परवाना मागणाऱ्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे. बंदूक कशी हाताळायची, कशी न्यायची, कशी ठेवायची, बार कसा काढायचा, हे सगळं शिकवलं जायला हवं. कागदावर उत्तम. आमच्या तालुक्यात मात्र हक्काने जाऊन पाच बार काढून बघता येईल अशी एक जागा दाखवा. वाडवडिलांची बंदूक वारसाने नावावर झालेला मुलगा कुणाकडून शिकतो? मोबाईलवरून. तिथे त्याला कोण भेटतं? लेझर विकणारा.

गाडीच्या परवान्याला चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला लागतो. बंदुकीच्या बाबतीत मात्र साठीच्या माणसाला पन्नास पावलांवरचं डुक्कर आणि वासरू वेगळं दिसतं का, हे नूतनीकरणाच्या वेळी कोणी गंभीरपणे तपासताना मला दिसलेलं नाही. फी भरा, शिक्का घ्या, निघा.

आणि निवडणूक आली की बंदूक जमा. २०२४ चंच घ्या. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, म्हणजे ऐन काजूचा हंगाम. विधानसभेची लागली १५ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन भातकापणी. निवडणूक आयोगाच्या सूचनांमध्ये छाननी समिती आहे, कोणाचं शस्त्र जमा करायचं ते तिने बघून ठरवायचं आहे. ज्याच्यावर आयुष्यात एक एनसी नाही त्या सत्तर वर्षांच्या शेतकऱ्याची ठासणीची बंदूक निवडणुकीत काय दंगल करणार आहे? समितीने नाव वाचून निर्णय घ्यावा, गावाची यादी बघून नव्हे.

याच्या उलट चित्र बघा. कमरेला पिस्तूल, त्यावर लेझर, वाढदिवसाच्या केकसमोर उभं राहून रील. लग्नाच्या वरातीत हवेत बार. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा आनंदाचा बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हवेत गेलेली गोळी हवेत राहत नाही, ती कुठल्यातरी कौलावर उतरते. पण असले रील बनवणारे दादा-भाऊ छातीठोकपणे फिरतात, आणि परवाना मात्र शेतकऱ्याचा अडतो. पोरांनी बंदूक म्हणजे रुबाब हे शिकलं ते यांच्याकडूनच. लेझर हा त्या रुबाबाचाच दागिना आहे.

पोरांवरून आठवलं. ०.१७७ बोअरची, २० ज्युलपेक्षा कमी ताकदीची एअरगन परवान्याशिवाय मिळते, आणि हल्ली तिच्यासोबत लेझर आणि दुर्बीणही देतात. आई-बाबांनो, परवाना लागत नाही म्हणजे ते खेळणं आहे असं नव्हे. तो छर्रा डोळा घालवतो. पाखरांवर नेम धरणं तर सरळ वन्यजीव कायद्यात अडकणं आहे.

तर मागण्या चारच आहेत, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही:

१. वर्षातून दोनदा, भात पोटरीला येण्याआधी आणि काजूच्या आधी, पोलिसांच्या देखरेखीखाली परवानाधारकांसाठी सरावाचा दिवस ठेवा. पाच बार, कागदी निशाण, शिकवायला एक जाणता माणूस. काडतुसं आमची आम्ही आणू.

२. नूतनीकरणाच्या वेळी डोळ्यांची खरी तपासणी करा. ग्रामीण रुग्णालयात, त्याच दिवशी, हेलपाटा न घालता.

३. निवडणुकीच्या वेळी छाननी समितीने नावानिशी निर्णय घ्यावा आणि कारण लेखी द्यावं.

४. कलम ११ च्या परवानगीचा अर्ज, मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचं नाव प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावा.

आणि तोवर ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांच्यासाठी. लेझरचे पैसे ठेवा. त्यात चष्मा होतो, चांगली बॅटरी होते, आणि उरलेल्यात गडद भगव्या कापडाचे चार सदरे होतात, रात्री राखणीला जाणाऱ्या प्रत्येकाला एक. बॅटरीच्या उजेडात तो सदरा झुडपाआडूनही नजरेत भरतो. राखणीला निघताना कोण कुठे बसणार ते आधी ठरवा आणि बार होईपर्यंत जागा सोडू नका. आवाज आला म्हणून नाही, हालचाल दिसली म्हणून नाही. अख्खं जनावर दिसलं, मागे मातीचा बांध दिसला, तरच चाप. शंका आली तर बार नको. डुक्कर उद्या परत येईल. माणूस येणार नाही.

या मागण्यांचं निवेदन तहसीलदार कार्यालयात द्यायचं आहे. परवानाधारकांनी सही करायला यावं. परवाना नसलेल्यांनी तर आवर्जून यावं.